जागा भरायची की पोरगं निवडायचं?

मागच्या रविवारी सकाळी सात वाजता मी शेजारच्या पोराला घेऊन एका क्लबच्या ट्रायलला गेलो होतो. त्याचे वडील चाकणला कामाला, त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट, सुट्टी मिळाली नाही. पोरगं तेरा वर्षांचं. किट बॅग त्याच्यापेक्षा मोठी. नेटमध्ये दहा-बारा मिनिटं बॅटिंग मिळाली. मी काही मोठा जाणकार नाही, पण पंचवीस वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून एवढं कळतं की चेंडू बॅटच्या मधोमध लागतोय की कडेला. त्याचा मधोमध लागत होता. त्याच्या आधी आणि नंतर आलेल्या बहुतेकांचा लागत नव्हता.

अकरा वाजता यादी लागली. त्याचं नाव नाही.

मी सरांना विचारलं. सर सभ्य माणूस, उत्तर पण सभ्य दिलं. म्हणाले, "पोरगं चांगलंय हो. पण ओपनर भरलेत आमच्याकडे. यंदा आम्हाला डावखुरा स्पिनर आणि एक कीपर हवा होता."

क्लबचं नाव घेणार नाही. एका क्लबचा हा दोष नाही, आणि सरांशी माझं भांडणही नाही. भांडण आहे ते त्या एका वाक्याशी. "चांगला आहे, पण जागा नाही." हे वाक्य आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर कुठल्या ना कुठल्या पोराला ऐकवलं जातं. आणि ऐकणारे आपण पालक मान डोलावून घरी येतो, कारण ऐकायला ते फार शहाणपणाचं वाटतं. टीम बॅलन्स, कॉम्बिनेशन, गरज.

माझं म्हणणं सरळ आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांमध्ये गरज बघून निवड करणं हे शहाणपण नाही, आळस आहे. त्या वयात जो सगळ्यात चांगला दिसतोय तो घ्यायचा. जागेचं नंतर बघू.

आता हे मी हवेत बोलत नाहीये. आणि थेरगावात राहून तर हे बोलायला लांब जायचीही गरज नाही.

आपल्याच गावातली गोष्ट

आपल्या थेरगावात वेंगसरकर अकादमी आहे. जुन्या सांगवीतलं एक पोरगं लहानपणी तिथे यायला लागलं. पुढे त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऋतुराज गायकवाड. पण त्याला आयपीएलमध्ये घेतलं कसं, ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात आहे.

१८ डिसेंबर २०१८, जयपूरचा लिलाव. चेन्नईने त्याच वर्षी आयपीएल जिंकलेली. टीम जवळपास भरलेली, फक्त दोन जागा रिकाम्या. आता वरच्या फळीत कोण कोण होतं बघा: वॉटसन, रायुडू, डु प्लेसिस, रैना, मुरली विजय. खाली केदार जाधव, धोनी, ब्राव्हो. अशा टीमला अजून एका ओपनरची गरज होती का? कागदावर शून्य गरज.

चेन्नईने दोन खेळाडू घेतले. पहिला मोहित शर्मा, ५ कोटी. वेगवान गोलंदाज हवा होता, अनुभवी होता, आधी त्यांच्याकडे खेळलेला होता. ही झाली गरज. दुसरा ऋतुराज, २० लाख. मूळ किंमत. ही झाली टॅलेंटवरची निवड.

पुढे? मोहित एक हंगाम राहिला आणि पुढच्या लिलावाआधी त्याला सोडून दिलं. (तो वाईट गोलंदाज नव्हता. नंतर गुजरातकडून २०२३ ला त्याने २७ विकेट काढल्या. म्हणजे चेन्नईची त्या वर्षाची 'गरज' त्या वर्षाबरोबर संपली, एवढंच.) ऋतुराज २०१९ चा अख्खा हंगाम बाकावर बसला. एकही मॅच नाही. २०२० ला दुबईत गेला तर कोविड झाला. बरा होऊन खेळला तर पहिल्या तीन डावांत ०, ५ आणि ०. आपल्याकडचा क्लब असता तर तिथेच फाईल बंद. "बघितला ना, दिला ना चान्स." चेन्नईने परत खेळवला. शेवटच्या तीन मॅचमध्ये ओळीने तीन अर्धशतकं. २०२१ ला ६३५ धावा, ऑरेंज कॅप, आणि टीमला कप. २०२४ ला धोनीनंतरचा कॅप्टन.

वीस लाखांत. ज्या जागेची गरजच नव्हती त्या जागेसाठी.

आता त्या लिलावाच्या टेबलावर आपल्या सरांसारखं कोणी बसलं असतं तर? "ओपनर भरलेत आमच्याकडे."

अमेरिकेत या भांडणाला नाव आहे

तिकडे त्यांचं फुटबॉल असतं, हेल्मेट घालून खेळतात ते. त्यांच्याकडे खेळाडूंचा लिलाव होत नाही, ड्राफ्ट होतो. दरवर्षी कॉलेजमधून बाहेर पडणारी पोरं, ३२ टीम, सात फेऱ्या, आणि पाळीपाळीने निवड. गेल्या वर्षी सगळ्यात खाली राहिलेल्या टीमची पाळी पहिली. पैशाने बोली नाही लावायची. तुझी पाळी आली की एक नाव घे, ते पोरगं तुझं.

त्यामुळे दर वर्षी दर टीमपुढे तोच प्रश्न. आपल्या टीममध्ये जे भोक आहे ते बुजवणारा घ्यायचा, की यादीत उरलेल्यांतला सगळ्यात चांगला घ्यायचा, मग तो कुठल्याही जागेवर खेळणारा असो? यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालतात, टीव्हीवर तासन् तास चर्चा होते.

ग्रीन बे नावाचं एक छोटं गाव आहे, तिथली टीम पॅकर्स. २००५ ला त्यांची पाळी आली २४ वी. त्यांच्याकडे क्वार्टरबॅक होता ब्रेट फाव्र, म्हणजे टीमचा मुख्य माणूस, ज्याच्या हातातून सगळा खेळ चालतो. दिग्गज. अजून खेळत होता. तरी त्यांनी घेतला कोण? अजून एक क्वार्टरबॅक, ॲरन रॉजर्स. कारण तो तिथपर्यंत उरेल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि उरलेल्यांत तो सगळ्यात चांगला होता. तीन वर्षं तो फाव्रच्या मागे बसून राहिला. २००८ ला मुख्य झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने टीमला सुपर बोल जिंकून दिला.

उलटं उदाहरण त्यांच्या बास्केटबॉलमधलं. १९८४ चा ड्राफ्ट. पोर्टलँडची पाळी दुसरी. उंच सेंटर हवा होता. बाहेरून खेळणारा गार्ड त्यांच्याकडे होता, आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर, आणि तो चांगलाच होता. म्हणून त्यांनी गरज बघून सेंटर घेतला, सॅम बोवी. तिसरी पाळी शिकागोची. त्यांनी उरलेला घेतला. उरलेल्याचं नाव मायकल जॉर्डन. सहा अजिंक्यपदं. बोवी बिचारा पायाच्या दुखापतींनी बेजार झाला.

पोर्टलँडवाले मूर्ख नव्हते हे लक्षात घ्या. त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. गार्ड आहे, सेंटर नाही, सेंटर घ्या. आपल्या सरांचा तर्क पण असाच बरोबर असतो. बरोबर तर्काने चुकीचं पोरगं निवडलं जातं, हाच तर सगळा घोळ आहे.

आणि आपली दिल्ली

अमेरिका लांब वाटत असेल तर २००८ घ्या. आयपीएलचं पहिलं वर्ष. मोठ्या खेळाडूंचा लिलाव फेब्रुवारीत झाला आणि अंडर-१९ च्या पोरांसाठी वेगळा ड्राफ्ट ठेवला, म्हणजे अगदी त्या अमेरिकन पद्धतीसारखी निवड. मलेशियात वर्ल्ड कप जिंकून आलेली टीम होती ती. कॅप्टन होता दिल्लीचा पोरगा, विराट कोहली.

दिल्ली डेअरडेव्हिल्सला त्यांच्याच गावचं हे पोरगं घेता येत होतं. त्यांनी घेतला प्रदीप सांगवान, डावखुरा वेगवान गोलंदाज. त्या वर्ल्ड कपमध्ये त्याने चांगली गोलंदाजी केलेली, म्हणजे निवड अगदीच वाऱ्यावरची नव्हती. पण कारण काय? दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स. बॅट्समन भरलेत. गोलंदाज हवाय.

कोहली बंगळुरूला गेला. तिथेच राहिला. ३ जून २०२५ ला बंगळुरूने पहिल्यांदा कप उचलला तेव्हा सुद्धा तो त्याच टीममध्ये होता. अठरावा हंगाम. आणि दिल्लीकडे त्या वर्षी 'भरलेले' जे बॅट्समन होते ते थोड्याच वर्षांत एकेक करून दुसरीकडे गेले किंवा थांबले.

गरजेचं वय एक हंगाम असतं. चांगल्या खेळाडूचं वय पंधरा वर्षं. हे एक वाक्य जरी दर क्लबच्या ऑफिसात भिंतीवर लावलं तरी खूप झालं.

ताजं उदाहरण हवंय? नोव्हेंबर २०२४, जेद्दाहचा लिलाव. राजस्थानकडे ओपनिंगला जैस्वाल आणि सॅमसन. तरी त्यांनी १ कोटी १० लाखांना तेरा वर्षांचा वैभव सूर्यवंशी घेतला. आपल्याकडे पण हसले होते लोक. सॅमसनला दुखापत झाली, पोराला जागा मिळाली, आणि २८ एप्रिल २०२५ ला त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. जागा 'झाली'. जागा नेहमी होते. कोणाचा खांदा निघतो, कोणाचं बोट मोडतं, कोणाचा फॉर्म जातो, कोणी वयाने थांबतो. जागा होण्याची वाट बघता येते. पोरगं मात्र तुमची वाट बघत थांबत नाही.

त्याच हंगामात आपला ऋतुराज कोपराला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी चेन्नईने आणला विरारकडचा आयुष म्हात्रे, सतरा वर्षांचा. लिलावात त्याला कोणी घेतलं नव्हतं. दहा टीम, दोन दिवस, कुणाच्या कॉम्बिनेशनमध्ये बसला नाही. मेमध्ये त्याने बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ मारले.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐका

पोस्टखाली कॉमेंट येणार हे मला माहीत आहे. "साहेब, अकरा ओपनर घेऊन मॅच खेळता येत नाही." बरोबर आहे. कीपर नसेल तर बाय जातील, स्पिनर नसेल तर मधल्या ओव्हरमध्ये मार पडेल. गरज खोटी नसते. मी गरज विसरा म्हणत नाहीये.

तयार, मोठे खेळाडू घेताना गरज बघणं अगदी योग्य. कोलकात्याने डिसेंबर २०२३ ला मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख दिले तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं. त्यांना मोठ्या मॅचचा वेगवान गोलंदाज हवा होता. मे २०२४ च्या फायनलला त्याने सुरुवातीलाच हैदराबाद मोडलं आणि कोलकात्याने कप नेला. गरज होती, भागली, पैसे वसूल.

आणि नुसतं मोठं टॅलेंट घेऊन भागत नाही हेही खरं. कबड्डी बघणाऱ्यांना आठवेल, प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाआधी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर पैसे देऊन घेतलं. एकटा किती ओढणार? टीम तळाला राहिली.

पण त्याच हंगामात जिंकलं कोण? आपली पुणेरी पलटण. कशी? आधी वर्षं लावून तरुण पोरं वाढवली. अस्लम इनामदार, पंकज मोहिते ही सगळी नाव होण्याआधी घेतलेली पोरं. ती तयार झाली आणि मग जे भोक उरलं होतं, डिफेन्समध्ये एक दांडगा माणूस, त्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजून इराणचा शादलुई आणला. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ ने हरवून कप आणला. क्रम बघा क्रम. आधी गुण, शेवटी गरज. पोरं निवडताना गुण, बाजारातून तयार माणूस आणताना गरज.

आपले क्लब नेमका उलटा क्रम लावतात. तेरा वर्षांच्या पोराला ते तयार माणूस समजून विकत घ्यायला निघतात.

तेरा वर्षांचा 'ओपनर' म्हणजे नक्की काय?

हे मला खरंच कोणीतरी समजावून सांगा. तेरा वर्षांचं पोरगं ओपनर असतं म्हणजे काय? त्याची उंची अजून अर्धा फूट वाढायची आहे. आवाज फुटायचा आहे. आज जो कीपर आहे तो दोन वर्षांनी इतका उंच होईल की वाकताना कंबर धरेल. आज जो वेगवान आहे तो फक्त लवकर वयात आलाय म्हणून वेगवान आहे, सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतील. त्या वयातला 'रोल' म्हणजे पाण्यावरची रेघ.

रोहित शर्मा बोरिवलीत दिनेश लाड सरांना पहिल्यांदा दिसला तो ऑफस्पिनर म्हणून. सरांनी त्याला शाळेत फी माफ करून आणलं. नंतर एकदा बॅटिंग करताना बघितलं आणि वर पाठवलं. आता कल्पना करा, त्या वर्षी शाळेच्या टीममध्ये ऑफस्पिनर भरलेले असते आणि सर म्हणाले असते, "पोरगं चांगलंय, पण..." सरांनी ऑफस्पिनर निवडला नव्हता. पोरगं निवडलं होतं.

आणि सचिन? १९८७ ला चेन्नईच्या एमआरएफ फाउंडेशनमध्ये वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. डेनिस लिलीने परत पाठवला, बॅटिंगकडे लक्ष दे म्हणाला. तिथे फक्त वेगवान गोलंदाजच घडवायचे होते, म्हणून लिलीचं बरोबरच. पण मुंबईत त्याला कोणी 'रोल'मध्ये अडकवून ठेवलं नाही म्हणून तो सचिन झाला.

आपल्याच अकादमीत लोणावळ्याहून येऊन शिकलेला विकी ओस्तवाल घ्या. २०२२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप आपण जिंकला त्यात त्याच्या १२ विकेट. डावखुरा स्पिनर. ज्या क्लबला ज्या वर्षी डावखुरा स्पिनर 'नको' असतो, त्या वर्षी असं एखादं पोरगं लोकल पकडून परत जातं. कुणाला कळतही नाही काय गेलं. कोहली गेला हे दिल्लीला कळलं कारण तो टीव्हीवर दिसत राहिला. डांगे चौकातून पीएमपीने घरी गेलेलं पोरगं टीव्हीवर दिसत नाही. ते दहावीनंतर आयटीआयला जातं आणि टेनिस बॉलच्या नाइट टूर्नामेंटमध्ये छक्के मारतं. तुम्ही आम्ही टाळ्या वाजवून म्हणतो, "काय खेळतो राव, वर गेला असता हा."

गेला असता. आपणच बसवला नाही कॉम्बिनेशनमध्ये.

मग क्लब असं का करतात?

कारण सरळ आहे. यंदाचा चषक. अंडर-१४ ची टूर्नामेंट जिंकली की फ्लेक्सवर फोटो. फ्लेक्स लागला की पुढच्या उन्हाळ्यात ॲडमिशन. वाकड-थेरगाव-ताथवड्यात टॉवर उभे राहिलेत, प्रत्येक टॉवरमध्ये पन्नास पोरं, प्रत्येक पोराच्या आई-बापाला वाटतं आपल्याकडे पुढचा ऋतुराज आहे. धंदा आहे, मान्य. धंदा करू नका असं मी म्हणत नाही. पण यंदाचा चषक जिंकायचा असेल तर गरज बघून टीम भरावीच लागते, आणि पाच वर्षांनी रणजीला पोरगं पाठवायचं असेल तर गुण बघून निवडावं लागतं. दोन्ही एकदम होत नाही. क्लबने ठरवावं आपण काय विकतोय. आणि पालकांना तसं सांगावं.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्या पोराची टीम सेमीफायनल हरली की आपणच ग्रुपवर लिहितो, "सर, टीममध्ये स्पिनरच नाही, काय सिलेक्शन केलंय?" सर पुढच्या वर्षी स्पिनर घेतात. ओपनर घरी जातो. म्हणजे त्या पोराला घरी पाठवणाऱ्या हातांत आपलाही हात आहे.

आणि हे काय फक्त क्रिकेटचं आहे? आपल्या पट्ट्यात कंपनीच्या गेटवर उभं राहून बघा. "सध्या वेल्डर हवेत, फिटर नकोत." पोरगं हुशार आहे, मशीनची नस ओळखतं, सहा महिन्यांत काहीही शिकेल, हे बघायला कोणाला वेळ नाही. लाइनवर आज जे भोक आहे तेवढं बुजवलं की झालं. लाइन बदलली, रोबोट आला, की ते बुच काढून फेकून द्यायचं. जुन्या पिंपरीतल्या कामगारांना विचारा, पूर्वी पोरगं घेऊन घडवायची पद्धत होती. अप्रेंटिस म्हणून शिरलेला माणूस टूलरूम सांभाळून रिटायर व्हायचा. आता 'गरज' भरतात आणि मग परिषदांमध्ये भाषण करतात, स्किल्ड माणसं मिळत नाहीत. मिळतील कशी? तुम्ही माणूस घेतलाच नाही, जागा भरली.

(निवडणुकीच्या तिकिटांचं बोलत नाही. तिथे ना गुण बघतात ना गरज. विषय वेगळा आहे.)

मग करायचं काय?

नुसती तक्रार करून पोस्ट संपवणं मला आवडत नाही. चार गोष्टी मागतोय. फार मोठ्या नाहीत.

एक. चौदा वर्षांखालच्या ट्रायलमध्ये पंधरा जागा असतील तर पहिल्या दहा नुसत्या गुणांवर भरा. ओपनर निघू देत सात, निघाले तर निघाले. उरलेल्या पाच जागा गरजेला ठेवा. कीपर घ्या, स्पिनर घ्या, काय हवं ते घ्या. सातातले तीन ओपनर मधल्या फळीत खेळायला शिकतील, एक जण ऑफस्पिन टाकायला लागेल. त्यांचं भलंच होईल.

दोन. ज्याला घेतलं नाही त्याला "जागा नाही" सांगू नका. काय कमी पडलं ते सांगा. मागचा पाय हलत नाही, फिल्डिंगला ढिला आहे, काहीही. आणि काहीच कमी नसेल, फक्त जागा नसेल, तर तुमची यादी चुकली आहे. परत लिहा.

तीन. जी मैदानं पालिकेची आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आहेत, तिथे होणाऱ्या ट्रायलचे गुण बोर्डावर लावा. बॅटिंगला किती, बोलिंगला किती, फिल्डिंगला किती. दहावीचा निकाल लावतो तसा. पन्नास ओळींचा कागद आहे, काही अणुबॉम्बचं रहस्य नाही.

चार. नाकारलेल्या पोरांना सहा महिन्यांनी परत बोलवा. त्या वयात सहा महिन्यांत पोरगं ओळखू येत नाही इतकं बदलतं. चेन्नईने ०, ५, ० नंतर चौथी मॅच दिली होती. आपण चौथा चेंडू तरी देऊ.

यात क्लबचं नुकसान आहे का? आहे. एखाद-दोन वर्षं चषक जाईल. कीपर नसल्यामुळे एखादी मॅच बायवर हरू. फ्लेक्स लागणार नाही. पण मी विचारतो, २०१० च्या सुमारास आपल्या भागातल्या मुलांच्या टूर्नामेंट कोणी जिंकल्या होत्या, सांगा बरं? कुणाला आठवत नाही. त्याच सुमारास थेरगावच्या नेटमध्ये कोण पोरगं बॅटिंग करत होतं हे मात्र सगळ्या देशाला माहीत आहे.

त्या रविवारी परत येताना पोरगं गाडीवर माझ्या मागे बसलं होतं. सोळा नंबरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालं, "काका, मी डावखुरा स्पिन शिकू का?" पोरगं उजव्या हाताने खेळतं. मी काही बोललो नाही. सिग्नल सुटला.

त्याला मी स्पिन शिकवणार नाही. पुढच्या महिन्यात दुसरीकडे ट्रायल आहे. वडिलांची सेकंड शिफ्ट आहे म्हणे, सकाळी ते स्वतः येतील. तिथल्या सरांना माझी एकच विनंती. आधी पोराकडे बघा, मग तुमच्या रिकाम्या जागांच्या यादीकडे.

पटलं तर आपापल्या क्लबच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. फक्त "अकरा ओपनर" वाली कॉमेंट करू नका, तिचं उत्तर वर दिलंय.